पाव मळणारे हात, चेंडू मारणारे पाय : ‘शाओलिन सॉकर’

रस्त्याच्या कडेला असलेल्या टपरीवर एक मुलगी मैद्याचे पीठ मळते आहे. चेहऱ्यावर पुटकुळ्या आहेत म्हणून तिने केस पुढे ओढून घेतले आहेत आणि मान खाली घातली आहे. गिऱ्हाइकाकडे ती पाहत नाही. हात मात्र तिने लपवलेले नाहीत. ते संथपणे गोल फिरतात, पीठ त्यांच्या मागोमाग हवेत उठते, वळसा घेते, त्याचे गोळे होतात आणि एकेक गोळा वाफेच्या टोपलीत आपल्या जागी जाऊन बसतो. ती करते आहे ती ताई ची, म्हणजे संथ, वर्तुळाकार हालचालींची चिनी युद्धकला, पण तिला त्याचे काही विशेष वाटत नाही. तिच्या लेखी हे पाव करण्याचे रोजचे काम आहे. समोर उभा असलेला फाटक्या बुटांचा तरुण मात्र जागीच खिळतो, कारण ज्या विद्येसाठी त्याने आयुष्य वेचले आणि जिला जगात कोणी विचारत नाही, ती विद्या त्याला या हातांत ओळखू येते.

हा प्रसंग ‘शाओलिन सॉकर’ या हाँगकाँगच्या चित्रपटातला आहे. जुलै २००१ मध्ये प्रदर्शित झालेला हा चित्रपट स्टीफन चाउ यांनी ली लिक-ची यांच्या साथीने दिग्दर्शित केला, त्याच्या लेखनात त्यांचा वाटा आहे आणि मुख्य भूमिकाही त्यांचीच आहे. कुंग फू आणि फुटबॉल यांची सांगड घालणारा विनोदी चित्रपट म्हणून तो जगभर ओळखला जातो. हवेत पेट घेणारा चेंडू, वावटळीसारखी लाथ, उडणारे खेळाडू हे त्याचे तुकडे अनेकांनी पाहिलेले असतात आणि तेवढ्यावरून ‘गमतीचा, कॉम्प्युटरच्या करामतींचा सिनेमा’ असे मतही बनवलेले असते. गेल्या अनेक वर्षांत मी हा चित्रपट पाच-सहा वेळा पूर्ण पाहिला आहे आणि दर खेपेस माझे मत अधिक पक्के होत गेले आहे की करामती हे त्याचे वरचे आवरण आहे. आत जे आहे ते श्रमाने अंगात मुरलेल्या कसबाविषयीचे अत्यंत मनापासूनचे प्रेम आहे. पावाच्या टपरीवरचा तो प्रसंग ज्याच्या मनात उतरला, त्याला अंतिम सामन्यातला शेवटचा गोल कळला.

कथा साधी आहे. ‘सोनेरी पाय’ म्हणून गाजलेला फुटबॉलपटू फुंग लाच घेऊन पेनल्टी हुकवतो, चिडलेले लोक मैदानात घुसून त्याचा पाय मोडतात, आणि वीस वर्षांनंतर तोच फुंग ज्याच्याकडून लाच घेतली त्या हुंगचे बूट पुसत लंगडत फिरताना दिसतो. हुंग आता बड्या संघाचा मालक झाला आहे. त्याने हाकलून दिल्यावर फुंगला रस्त्यात सिंग भेटतो. सिंग हा कुंग फूसाठी प्रसिद्ध असलेल्या चीनमधल्या शाओलिन मठाच्या परंपरेत तयार झालेला, कचरा गोळा करून पोट भरणारा आणि कुंग फूचा प्रसार हे आपले जीवितकार्य मानणारा तरुण आहे. फुंगला त्याचे बोलणे खुळचट वाटते. मग सिंग बिअरचा एक डबा लाथेने आकाशात भिरकावतो. डबा वर जातो तो परत येतच नाही. पुढे तोच डबा दूरच्या भिंतीत रुतलेला सापडतो, तेव्हा फुंगच्या डोक्यात प्रकाश पडतो. सिंगचे पाच गुरुबंधू गोळा करायचे, त्यांचा संघ उभा करायचा आणि हुंगच्या संघाला हरवायचे, एवढेच पुढचे कथानक.

हे कथानक हजार वेळा सांगितलेले आहे, हे मान्य करायलाच हवे. चित्रपटाची ताकद आहे ती कुंग फू या शब्दाच्या समजुतीत. आपल्याकडे कुंग फू म्हटले की मारामारी डोळ्यांपुढे येते. चिनी भाषेत मात्र वेळ आणि मेहनत खर्चून कमावलेले कोणतेही कौशल्य या शब्दात सामावते. उत्तम चहा करणाऱ्याचे, अक्षर वळणदार काढणाऱ्याचे किंवा स्वयंपाक्याचेही कुंग फू असू शकते. मराठीत एखादी गोष्ट ‘अंगवळणी पडली’ असे आपण म्हणतो, हात बसला म्हणतो, हाताला गुण आहे म्हणतो. या सगळ्या बोलण्याच्या मागे जी कल्पना आहे, तीच तिथेही आहे. परातीत भाकरी थापणाऱ्या बाईच्या बोटांना कोणी वस्ताद लागत नाही, पण त्या भाकरीचा काठ सगळीकडून सारखा येतो, कारण रोजच्या कामाने बोटांना ते शिकवलेले असते.

सिंग फुंगला हेच समजावतो. तो म्हणतो की कुंग फू प्रत्येकाच्या रोजच्या उपयोगाचे आहे, आणि पडद्यावर उदाहरणे दिसू लागतात: केळीच्या सालीवरून घसरणारी एक स्त्री, चिंचोळ्या जागेत अडकलेली मोटार, झाडांची कातरणी. प्रेक्षक हसतो आणि विसरून जातो. लेखकाने मात्र ते विसरण्यासाठी ठेवलेले नाही. सामन्यात पुढे जे जे अचाट घडते, त्याचे मूळ या छोट्या उदाहरणांत आहे. जगण्यातले प्रत्येक काम नीट शिकलेल्या शरीराने केले तर ते सुंदर होते, ही श्रद्धा सिंगच्या तोंडी वेडगळ वाटते, आणि चित्रपट अखेरपर्यंत त्या वेडगळपणाच्या बाजूने उभा राहतो. तो सिंगची टर उडवत नाही. हसू येते ते परिस्थितीमुळे, त्याच्या श्रद्धेमुळे नव्हे. या एका निवडीमुळे चित्रपट विनोदी असूनही हलका होत नाही.

सिंग आपल्या भावांना जागे करताना खारवलेल्या माशाची एक उपमा वापरतो: ज्याला स्वप्न नाही, त्याच्यात आणि खाऱ्या माशात फरक तो काय? हाँगकाँगच्या कँटोनीज बोलीत खारा मासा हा मृतदेहासाठी वापरला जाणारा शब्द आहे, आणि हरलेला माणूस पुन्हा उभा राहिला तर खारा मासा जिवंत झाला असे म्हणतात. कोकणात अंगणात वाळत घातलेला खारा बांगडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या उपमेतला जिवंतपणा आणि क्रूरपणा दोन्ही लगेच कळतील. सहाही भाऊ त्याच अवस्थेत आहेत. थोरला, ज्याचे डोके लोखंडी, तो एका रात्रीच्या क्लबमध्ये साफसफाई करतो आणि मालकाला राग आला की मालक त्याच्या डोक्यावर बाटल्या फोडतो. ज्या डोक्याने कधी काळी कसरत केली, ते आता याच कामाचे उरले आहे. एक जण कोट-टाय घालून कानाला फोन लावून पैशांच्या मागे धावतो आणि त्याला बोलायलाही सवड नाही. धाकटा, ज्याची विद्या हवेत तरंगण्याची, तो खाऊन खाऊन अवाढव्य झाला आहे. हाँगकाँग १९९७ मध्ये चीनकडे परत गेले, त्याच वर्षी आशियातल्या आर्थिक संकटाने अनेकांच्या नोकऱ्या घालवल्या, आणि तिथला एकेकाळचा दणकट चित्रपटव्यवसायही उतरणीला लागला होता. त्या दिवसांत हा चित्रपट पाहायला गेलेल्या प्रेक्षकाला हे सहा जण परके वाटले नसतील.

संपूर्ण चित्रपटात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पहिला सराव सामना. फुंग मुद्दाम एका गुंडांच्या संघाशी गाठ घालून देतो. समोरचे खेळाडू हातोडे आणि नट पिळायचे लोखंडी पाने घेऊन मैदानात उतरतात आणि चेंडूऐवजी माणसांना मारतात. इथे दिग्दर्शकाने फुटबॉलच्या सामन्याचे रणांगण केले आहे: धुरळा, स्फोट, सरपटत जाणारी माणसे, कानात घुमणारा आवाज. भाऊ रक्तबंबाळ होतात, थोरल्याला अपमानित केले जाते, आणि बराच वेळ हे दृश्य विनोदी राहत नाही. ते इतके लांबवले आहे की पाहणाऱ्याला अस्वस्थ वाटू लागते. नेमक्या त्या तळाला पोहोचल्यावर एकेकाच्या अंगात जुनी विद्या परत येते. कोणी भाषण देत नाही, कोणी मंत्र सांगत नाही. देह विसरलेला नव्हता, माणूस विसरला होता, एवढेच दिसते. त्यानंतरची दोन-तीन मिनिटे, ज्यांत चेंडू भावांच्या पायांतून आणि डोक्यांवरून जणू एकाच शरीरातून फिरावा तसा फिरतो, ती मी आजही पाहताना खुर्चीत पुढे सरकून बसतो.

याचे एक कारण माझ्या गावाशी जोडलेले आहे आणि ते इथे सांगायलाच हवे. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल संघांची नावे तालमींची असतात: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. पेठेतल्या ज्या तालमींत लाल मातीवर दंड-बैठका आणि जोर मारले गेले, त्याच तालमींच्या नावाने छत्रपती शाहू स्टेडियमवर पोरे चेंडूमागे धावतात आणि पेठा गॅलरीत बसून ओरडतात. त्यामुळे कुस्तीचा आखाडा आणि फुटबॉलचे मैदान यांत भिंत असते, असे आम्हाला लहानपणापासून कधी वाटलेच नाही. बाहेरच्या समीक्षकांना ‘मठातली विद्या फुटबॉलमध्ये’ ही विक्षिप्त कल्पना वाटते. आमच्या गॅलरीतल्या माणसाला ती कल्पना सरळ वाटेल. चेंडूवर झडप घालताना बचावपटूने कंबर कशी खाली घेतली, यावरून तो कोणाच्या हाताखाली तयार झाला हे ओळखणारी म्हातारी माणसे मी पाहिली आहेत.

आता करामतींविषयी. मारामारीची आणि हालचालींची रचना चिंग सिउ-तुंग यांची आहे. तारांच्या साहाय्याने माणसाला हवेत तरंगवण्यात त्यांचा हातखंडा होता आणि १९८० च्या दशकापासून हाँगकाँगच्या तलवारबाजीच्या चित्रपटांना त्यांनी स्वतःचे वळण दिले. कॉम्प्युटरवरचे काम सेंट्रो डिजिटल या हाँगकाँगमधल्याच कंपनीने केले. आजच्या डोळ्यांना त्यातले बरेच काम कच्चे दिसते, हे लपवण्यात अर्थ नाही. काही ठिकाणी चेंडूभोवतीच्या ज्वाळा चित्रावर चिकटवल्यासारख्या वाटतात आणि प्रेक्षकांची गर्दी पुन्हा पुन्हा तीच असल्याचे जाणवते. पण या करामतींमागचा विचार मात्र अजून ताजा आहे. चेंडूला आग लागते ती खेळाडूच्या मनात काय चालले आहे ते दाखवण्यासाठी. सिंगच्या लाथेत आनंद असतो तेव्हा चेंडूचा मार्ग एक, आणि संताप असतो तेव्हा दुसरा. जपानी फुटबॉल चित्रकथांमध्ये एक शॉट मारायला पाच पाने लागतात, तीच लय इथे जिवंत माणसांवर बसवली आहे, आणि जोडीला कँटोनीज चित्रपटांची गुरु-शिष्य, गुरुबंधू, अपमान आणि परतफेड ही सगळी जुनी शिदोरी आहे. हे दोन प्रवाह एकमेकांत मिसळताना कुठेही सांधा दिसत नाही.

अभिनयात मी पहिले नाव न्ग मान-तात यांचे घेईन. स्टीफन चाउ आणि ते ही जोडी १९९० पासून हाँगकाँगच्या प्रेक्षकांची लाडकी होती. इथे त्यांचा फुंग लाचखाऊ आहे, लाचार आहे आणि पुष्कळदा हास्यास्पदही आहे, तरी ते त्याला कधी केविलवाणा होऊ देत नाहीत. हुंगच्या बुटावर फडके फिरवताना त्यांच्या चेहऱ्यावर जी खोटी तत्परता दिसते, ती नोकरीत वरिष्ठांपुढे वाकलेल्या कोणत्याही माणसाला ओळखीची वाटेल. २०२१ मध्ये ते गेले, तेव्हा मी पुन्हा हा चित्रपट लावला आणि मुद्दाम फक्त त्यांच्याकडे पाहत बसलो. पाय मोडण्यामागे खरा हात कोणाचा होता हे हुंग त्याला तोंडावर सांगतो, त्या क्षणी ते काहीही करत नाहीत. चेहरा फक्त रिकामा होतो. विनोदी नटाला एवढे थांबता येणे ही मोठी गोष्ट आहे.

थोरल्या भावाच्या भूमिकेत वाँग यात-फेई आहेत आणि त्यांना या कामासाठी २००२ च्या हाँगकाँग चित्रपट पुरस्कारांत सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. त्या सोहळ्यात सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक आणि अभिनेता हे मानही याच चित्रपटाकडे गेले. गोलरक्षकाच्या भूमिकेतले डॅनी चान हे ब्रूस ली यांच्याशी इतके मिळतेजुळते दिसतात की पुढे २००८ च्या चिनी मालिकेत त्यांनी ब्रूस ली यांचीच भूमिका केली. गोलजाळ्यापुढे ते पिवळ्या आणि काळ्या पट्ट्याच्या पोशाखात उभे राहतात आणि तळहात किंचित पुढे करून, बोटांनी प्रतिस्पर्ध्याला बोलावतात. स्टीफन चाउ लहानपणापासून ब्रूस ली यांचे भक्त आहेत, हे त्यांच्या चित्रपटांतून सतत दिसते. या दृश्यात नक्कल आहे, पण तिच्यात थट्टा नाही. मूर्तीपुढे फूल ठेवावे तसे ते ठेवले आहे.

खुद्द चाउ यांचा अभिनय सांगायला अवघड आहे, कारण तो जवळजवळ दिसतच नाही. कँटोनीज विनोदाचा एक प्रकार ‘मो लेई ताउ’ या नावाने ओळखला जातो आणि त्याचा राजा म्हणजे चाउ. मराठीत त्याचे वर्णन करायचे तर ज्याला ना शेंडा ना बुडखा असे बोलणे आणि वागणे. गंभीर प्रसंगात अचानक भलतेच काही घडते: पावाच्या टपरीपुढे सिंग गाऊ लागतो आणि रस्त्यावरचे अनोळखी लोक एकदम नाचात सामील होतात, नाच संपला की जो तो आपल्या कामाला लागतो. हे सगळे होत असताना चाउ यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. हसवण्याचा प्रयत्न करणारा नट प्रेक्षकाला कळतो. इथे प्रयत्न कळतच नाही.

पण हा विनोद बोलीत गुंतलेला असल्याने कोणती आवृत्ती पाहावी हा प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो, आणि या परीक्षणाचा खरा उपयोग वाचकाला इथेच व्हावा अशी माझी इच्छा आहे. चित्रपटाची मोठी आवृत्ती ११२ मिनिटांची आहे. अमेरिकेत तो २००४ मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा कापून ८७ मिनिटांवर आणला होता. पंचवीस मिनिटे गेली. मी पहिल्यांदा तो एका वाहिनीवर इंग्रजी आवाजात आणि कापलेल्या रूपात पाहिला होता. तेव्हा पाववाली मुलगी मुई मध्येच कुठून येते, मध्येच का नाहीशी होते आणि शेवटच्या सामन्यात तिला पाहून एवढे गलबलून का यावे, यांतले काहीही मला समजले नव्हते. मोठी आवृत्ती मूळ आवाजात पाहिली तेव्हा कळले की आपण वेगळाच चित्रपट पाहिला होता. घाईत कापणारा माणूस नेहमी शांत जागा कापतो. त्याला वाटते तिथे काही घडत नाही. या चित्रपटात मात्र जे घडते ते शांत जागांतच घडते.

उदाहरण म्हणून मुईचा धागा पाहा. सिंगच्या फाटक्या बुटांना ती टाके घालून देते. एका संध्याकाळी ती धीर करून, अंगावर न शोभणारा भडक पोशाख आणि तोंडावर जाड रंगरंगोटी करून त्याला भेटायला येते. सगळे हसतात. सिंग तिला आपण मित्र आहोत असे सांगतो, त्यात वाईट हेतू नसतो, पण मुलगी उठून निघून जाते. त्यानंतर तिचे पाव खारट लागू लागतात, कारण पीठ मळताना त्यात अश्रू पडतात. ज्या हातांचे कौतुक चित्रपटाने सुरुवातीला केले, त्याच हातांतून दुःख पावात उतरते आणि सिंगला ते तोंडात घास गेल्यावर कळते. शब्दांत सांगण्याऐवजी चवीतून सांगितलेली ही गोष्ट मला कुठल्याही उडत्या लाथेपेक्षा थोर वाटते. शेवटी ती मैदानात येते ती डोके भादरून, चेहरा उघडा ठेवून. केसांआड लपणारी मुलगी आता गोलजाळ्यापुढे उभी राहते आणि ज्या चेंडूने संघातले धट्टेकट्टे पुरुष आडवे केले, तो चेंडू पीठ वळवावे तसा वळवून शांत करते. जोराला जोराने उत्तर न देता त्याला आपल्या वर्तुळात ओढून घ्यायचे, हे ताई चीचे मर्म यापेक्षा स्पष्ट मी कोणत्याही चित्रपटात पाहिलेले नाही. सिंगची लाथ नंतर येते. गोल दोघांचा आहे, आणि त्यात पाय जेवढे आहेत तेवढेच हातही आहेत.

इतके प्रेम असूनही दोष दिसतात आणि ते सांगतो. मुईच्या चेहऱ्यावरून केलेले विनोद आज बोचतात. चित्रपटाची सहानुभूती तिच्याकडे आहे हे खरे. तरी तिच्या कुरूपतेवर हशा वसूल करून मग शेवटी तिची त्वचा नितळ करून टाकणे हा सोपा मार्ग होता. मुईची भूमिका करणाऱ्या झाओ वेई यांनी हे सारे जड मेकअपखाली, बहुतांशी डोळ्यांनी पेलले आहे, त्यामुळे ते सुसह्य होते एवढेच. धाकट्या भावाच्या लठ्ठपणावरचे विनोदही त्याच जातीचे आहेत आणि त्यांची पुनरावृत्ती होते. हुंग हा खलनायक तर एका रंगाचा आहे; पॅट्रिक त्से यांच्यासारख्या जुन्या, देखण्या नायकाला घेऊन त्याच्याकडून एवढेच करून घेतल्याची हळहळ वाटते. पंचांपासून समितीपर्यंत सगळे आपले आहेत असे तो छातीठोकपणे सांगतो, तिथे खेळातल्या पैशाविषयी काही खोल निघाले असते, पण चित्रपट पुढे सरकतो. स्पर्धेतले मधले सामने भराभर उरकले आहेत. कॅरेन मोक आणि सेसिलिया चेउंग या अभिनेत्रींनी मिशा लावून केलेल्या पाहुण्या भूमिकांचा तेवढा प्रसंग झकास जमला आहे. हुंगच्या संघाला औषधे टोचून राक्षस बनवले आहे, हे मात्र योग्य योजले आहे, कारण त्या संघाची ताकद सुईतून आलेली आणि या सहांची घामातून आलेली, हा फरक न बोलता उभा राहतो.

या जातीचे इतर चित्रपट ज्यांना पाहायचे असतील त्यांना १९८३ चा, युएन बियाओ यांचा हाँगकाँगचाच ‘द चॅम्पियन्स’ मी आवर्जून सुचवीन. जॅकी चान आणि सामो हंग यांच्यासोबत चिनी ऑपेराच्या शाळेत कष्ट उपसलेला हा नट कॉम्प्युटरशिवाय, खऱ्या शरीराने चेंडूशी जे खेळ करतो ते पाहून तोंडात बोट जाते; कथा मात्र ठिगळांची आहे. तैवानी गायक जे चाउ यांचा २००८ चा ‘कुंग फू डंक’ बास्केटबॉलवर आहे, चकचकीत आहे आणि आत पोकळ आहे. त्याच वर्षीचा जपानी ‘शाओलिन गर्ल’, ज्यात लॅक्रोस हा जाळीच्या काठीने चेंडू झेलण्या-फेकण्याचा खेळ आहे, तो ‘शाओलिन सॉकर’च्या छायेत निघाला आणि त्यातले दोन नटही इथूनच गेले, पण त्याला विनोद करायचा आहे की उपदेश, हे ठरवता आलेले नाही. या दोन्ही चित्रपटांत खेळ हा कुंग फू दाखवण्याचे निमित्त आहे. कष्टाचे काम, पोटाची चिंता, मळलेले कपडे त्यांत नाहीत, आणि म्हणून लाथ कितीही उंच गेली तरी ती कोणाची होती हे नंतर आठवत नाही.

‘शाओलिन सॉकर’ने हाँगकाँगमध्ये सहा कोटी हाँगकाँग डॉलरांहून अधिक कमाई केली आणि तिथल्या चित्रपटांचा तोवरचा विक्रम मोडला. तीन वर्षांनी तो विक्रम खुद्द चाउ यांच्या ‘कुंग फू हसल’नेच मोडला. तो चित्रपट अधिक सफाईदार आहे, अधिक हिंसकही आहे. कारागिरी पाहायची असेल तर तो पाहावा. दोन्हींपैकी एकच घरी ठेवायचा झाला तर मी ‘शाओलिन सॉकर’ ठेवीन.

आठ-नऊ वर्षांच्या पुढच्या मुलांसोबत तो पाहायला हरकत नाही. सराव सामन्यातली मारहाण आणि सुया टोचण्याचा प्रसंग यांवेळी शेजारी बसावे. डिस्क घेताना वेष्टनावरची मिनिटे आधी वाचावीत, मूळ कँटोनीज ध्वनी आहे याची खात्री करावी आणि अक्षरे वाचण्याचा कंटाळा असलेल्यांनीही निदान पहिला अर्धा तास आवाज बदलू नये. त्या अर्ध्या तासात केळीच्या सालीवरून घसरणारी बाई येईल. तिच्याकडे नीट लक्ष ठेवावे, कारण सामना जिंकून झाल्यावर, लोक उठायला लागलेले असताना, तिच्यासारखीच एक बाई रस्त्याने येते, तिचा पाय सालीवर पडतो, आणि या वेळी ती कशी सावरते ते पाहिल्याशिवाय चित्रपट बंद करू नये.